इंग्रजीत थोडक्यात मावतं

आमच्या मंडळीची एक वही होती. दोनशे पानी, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेली. तिला आम्ही विनंत्यांची वही म्हणायचो. रविवारी गाणी झाली, वचन झालं, की ज्याला देवाकडे जे मागायचं असेल ते तो सांगायचा. ते वहीत उतरायचं आणि पुढच्या रविवारपासून, उत्तर मिळेपर्यंत, मोठ्याने वाचलं जायचं. मग सगळे मिळून त्यासाठी प्रार्थना करायचे. एक वर्षभर ती वही माझ्याकडे होती.

मंडळी म्हणजे आम्ही एकूण चौदा जण. चामोर्शीत बाबांचं शिलाईचं दुकान आहे, त्याच्या मागच्या टिनाच्या खोलीत आम्ही जमायचो. मशिनी भिंतीला सरकवायच्या, चिंध्या झाडून काढायच्या आणि सतरंजी टाकायची. बाबा आठवडाभर कपडे शिवायचे आणि रविवारी सुवार्ता सांगायचे. कधीकधी मापाचा टेप गळ्यात तसाच राहून जायचा. वचन सुरू असताना आई हळूच मागून जाऊन तो काढून घ्यायची, आणि बाबांना ते कळायचंसुद्धा नाही.

मी पाचवीपासून चंद्रपूरला हॉस्टेलमध्ये राहून इंग्रजी शाळेत शिकले. तिथे कोणी विचारलं तर वडील टेलर आहेत एवढंच सांगायचे. ते खोटं नव्हतं, पण त्यापुढे काही विचारलं जाऊ नये अशा बेताने सांगितलेलं असायचं. पदवी झाल्यावर परीक्षांच्या तयारीसाठी एक वर्ष घरी आले, तेव्हा मंडळीत सगळ्यांपुढे उभं राहून साक्ष देण्याची वेळ यायला लागली. देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. मग बाबांनीच तोड काढली. म्हणाले, ‘‘तू बोलू नको, तू लिही.’’ आणि वही माझ्या हातात दिली.

मी ती इंग्रजीत लिहायचे. मराठी लिहायला मला वेळ लागायचा, हे कारण मी सगळ्यांना सांगितलं होतं. खरं तर इंग्रजीत लिहिलं की ते माझ्याखेरीज कोणी उघडून वाचत नसे. बाबांना वाचता आलं असतं, अक्षर अक्षर लावून, पण त्यांनी कधी वहीला हात लावला नाही. ते काम माझं, असं त्यांनी एकदा ठरवलं होतं.

वहीचा एक नियम होता. एकदा लिहिलेली विनंती त्या माणसाने पुन्हा बोलायची नाही. देवाला एकदा सांगितलं की सांगितलं. हा नियम पडला त्याला एक म्हैस कारण होती. मंडळीतल्या एका भावाची म्हैस आजारी पडली आणि तो सहा रविवार लागोपाठ अर्धा अर्धा तास तिच्या पोटफुगीचं वर्णन करत राहिला. सातव्या रविवारी बाबा म्हणाले, ‘‘भाऊ, देवाले आयकू आलं. आता त्याले काम करू द्या.’’ सगळे हसले, तो भाऊही हसला, आणि त्या दिवसापासून ती रीत पडली. पुढे पुढे ती इतकी अंगात भिनली की पुन्हा बोलणं म्हणजे भरवसा नसणं, असंच सगळे मानायला लागले. त्यात सगळ्यात जास्त ती म्हातारी मानायची, जिच्याबद्दल मला सांगायचं आहे.

ती जंगलातल्या एका गावाहून यायची. दोन कोस पायी डांबरी रस्त्यापर्यंत आणि तिथून एसटीने. सगळे तिला बाई म्हणायचे, मी आजी म्हणायचे. तिच्या गावात आणि तिच्या घरात प्रार्थनेला येणारी ती एकटीच. कशी आली, हे ती साक्ष देताना दर वेळी तेच सांगायची आणि आम्ही दर वेळी हसायचो. पोलकं शिवायला टाकायला दुकानात आली होती, मागच्या खोलीत गाणं चाललं होतं. ‘‘म्हटलं, गानं सरलं का उठतो. त एक सरे, दुसरं लागे. मंग उठलीच नाई.’’ ती सगळ्यांना जोहार म्हणायची. प्रार्थनेत डोळे मिटून पहिला शब्दही तोच. जोहार, बापा. कोणीतरी तिला एकदा सुचवलं की देवाशी बोलताना जोहार म्हणत नाहीत. ती म्हणाली, ‘‘काऊन? त्याले राग येते का?’’

त्या पावसाळ्यात ती दोन रविवार आली नाही. बाबा म्हणाले, जाऊन पाहून येऊ. मोटरसायकलवर मी मागे बसले, मांडीवर बाबांची पुस्तकांची पिशवी. तिच्या गावाच्या वळणावर एका झाडाखाली पाच-सहा माणसं बसलेली होती. त्यांनी हात केला. बाबांनी गाडी थांबवली.

‘‘कोणाकडं?’’

बाबांनी सांगितलं. त्यांच्यातला एक चाळिशीचा माणूस उठून पुढे आला. ‘‘मी तिचा पोरगा. तिले ताप होता, उतरला आता.’’ मग पिशवीकडे पाहून म्हणाला, ‘‘हे काय हाये?’’ त्याने पिशवी माझ्या मांडीवरून उचलली, एक एक पुस्तक काढलं आणि सीटवर नीट एकावर एक ठेवलं. फेकलं नाही, फाडलं नाही. नंतर म्हणाला, ‘‘भाऊ, गावाचं बसून ठरलं हाये. प्रार्थना, गानं, पुस्तकं इथी नाई. तिले भेटाले आले असान त या. पानी प्या.’’

बाबांचे हात पुस्तकं पिशवीत भरत होते आणि चेन लागत नव्हती. कापडाच्या दोन बोटांच्या पट्टीवर सरळ टीप मारणारे हात होते ते. मी मागून त्यांचा शर्ट ओढला आणि इंग्रजीत म्हणाले, ‘‘बाबा, प्लीज, लेट्स गो.’’ त्या माणसांना कळू नये म्हणून इंग्रजीत. पण न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. बाबा म्हणाले, ‘‘मंग कधी येऊ, भाऊ,’’ आणि गाडी वळवली.

‘तिले भेटाले आले असान त या’ हे मी ऐकलं होतं. बाबांनीही ऐकलं असेल. घरी आल्यावर मात्र आम्ही आईला फक्त अडवल्याचं सांगितलं. आई म्हणाली, त्या बाजूला आता पाय ठेवायचा नाही. त्या वर्षी दिवाळीला त्या बाजूचे कपडे दुकानात शिवायला आले नाहीत, आणि आईचं म्हणणं आणखी घट्ट झालं.

म्हातारी तिसऱ्या रविवारी आली. झाल्या प्रकाराबद्दल एक अक्षर बोलली नाही. बाबांना जोहार केला, आपल्या जागी बसली, आणि नेहमीसारखी सुराच्या अर्धा पाऊल मागे राहून गायली.

मग लवकर पिकणारं हलकं धान निघायचे दिवस आले. एका रविवारी सगळं आटोपल्यावर चहा चालू होता आणि ती माझ्याशेजारी येऊन बसली. माझं मनगट धरलं. तिचा हात खरबरीत आणि ऊन होता.

‘‘लिही व पोरी. पूर्न लिही.’’

मी नवीन पान काढलं. तिचं नाव लिहिलं. ‘‘सांगा आजी.’’

‘‘बुधवारी आमच्या गावाचं नवं हाये. नवं धान देवापुढं ठेवते, मंग सारं गाव खाते. तोवर कोनी नव्याचा दाना खात नाई. आता मी त्या देवापुढचं खात नाई, तुले मालूम हाये. त पोरगा म्हनते, माय, आमचं नवं आमच्या देवापुढं होते, साऱ्या गावासंगं. तुहं नवं कोनासंगं? तुहे लोक कुठी हायेत? तू जातं त्याईच्या घरी पाय तोडत, ते काऊन नाई येत तुह्या घरी? मी म्हटलं, येतीन. बलावलं का येतीन. त म्हनते, येऊ दे. माह्या आंगनात बसून तुह्यासंगं जेवले, त मी बी बसतो. काय सांगते त आयकतो.’’

ती थांबली आणि चहाचा घोट घेतला. मी अजून काही लिहिलं नव्हतं.

‘‘गुरुवारी माहं नवं. साऱ्याईनं या. गानं नोका म्हनू, पुस्तक नोका आनू. नुसतं जेवाले या. मी चौदा पत्रावळी लावतो, माही धरून. तवरिक मी नवं खात नाई. तसं देवाले सांगतलं हाये मी. लिही.’’

मला ते वळण दिसत होतं. झाडाखालची माणसं आणि न लागणारी चेन. हे पान पुढच्या रविवारी वाचलं तर गुरुवार उलटून गेलेला असेल, म्हणजे ते आजच, आत्ताच उठून सगळ्यांना सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर बाबा गेले असते. त्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. आईने दार अडवलं असतं तरी गेले असते, आणि मला मागे बसवून नेलं असतं. आणि सांगायचं म्हणजे चहा पीत बसलेल्या त्या खोलीत मला उभं राहून बोलावं लागणार होतं.

मी लिहिलं, ‘सन्स सॅल्व्हेशन. हेल्थ.’

मुलाचं तारण, प्रकृती. प्रकृतीचं तिने नावसुद्धा काढलं नव्हतं. ओळ अगदीच उघडी दिसू नये म्हणून मी तो शब्द जोडला असावा.

तिला वाचता येत नव्हतं, पण पेन किती वेळ चाललं हे तिने पाहिलं होतं.

‘‘एवढुसंच?’’

‘‘इंग्रजी आहे आजी. इंग्रजीत थोडक्यात मावतं.’’

ती वाकून त्या तीन शब्दांकडे पाहत राहिली. मग खुश होऊन हसली. ‘‘बरी भाषा हाये बापा. आमच्या बोलीत त एवढं सांगाले बकरी चरून घरी येते.’’ आणि पलीकडच्या बायांना म्हणाली, ‘‘पाहा व, किती हुशार पोट्टी हाये.’’

गुरुवारी मी दिवसभर पुस्तक उघडून बसले होते. दुपारी दुकानातून मशीनचा आवाज येत होता. बाबा एका शाळेचे गणवेश शिवत होते. मधे एकदा आत आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, ‘‘काय ग, गप्प गप्प?’’ मी म्हटलं, डोकं दुखतंय. त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला. अजून वेळ होता. दोन तासांत पोचलो असतो.

पुढच्या रविवारी ती येणार नाही असं मला वाटत होतं. खरं म्हणजे तशी आशा होती. पण ती आली. बाबांना जोहार, आईला जोहार, मला जोहार. मी वही वाचायला उभी राहिले. हे तेवढं एक बोलणं मला जमायचं, कारण नजर कागदावर असायची. तिच्या पानाशी आले आणि म्हणाले, ‘‘आजींच्या मुलाच्या तारणासाठी, आणि त्यांच्या प्रकृतीसाठी.’’

खोलीतल्या सगळ्यांनी डोळे मिटले आणि एकदम मोठमोठ्याने प्रार्थना सुरू झाली. बाबा गुडघ्यावर होते. त्यांचा आवाज भरून आला होता. ज्या माणसाने आपली पुस्तकं पिशवीतून काढली त्याच्यासाठी ते मागत होते, हे मला कळत होतं, आणि इतर कोणासाठी त्यांनी इतक्या कळवळ्याने कधी मागितलं नव्हतं. मी डोळे उघडे ठेवले होते. म्हातारीचेही उघडे होते. ती एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती.

निघताना तिने मला दाराशी गाठलं.

‘‘वहीत हाये ना व?’’

‘‘आहे.’’

‘‘सारं?’’

‘‘हो.’’

‘‘मंग झालं. सवड नसन भेटली लोकाईले. धानाचे दिवस हायेत.’’

असं ती आणखी सात-आठ रविवार आली. दर रविवारी मी तेच वाचायचे आणि सगळे तेच मागायचे. तिने पुन्हा विचारलं नाही आणि दुसऱ्या कोणाला सांगितलंही नाही. वहीत गेलेली गोष्ट पुन्हा बोलायची नसते. तिला वाटत होतं की सगळ्यांना सगळं माहीत आहे, आणि ते येण्यासाठी बळ मागताहेत. ती नवं खात नव्हती हेही मला माहीत होतं, कारण ते तिने मलाच सांगितलं होतं. एकदा आईने खिचडी केली. तांदूळ नवा होता. म्हातारीने एक शीत बोटावर दाबून पाहिलं आणि म्हणाली, पोट बरं नाई. आई म्हणाली, बाईची तब्येत खरंच बिघडली वाटतं. माझ्या वहीत तर ते आधीच लिहिलेलं होतं.

ती नाताळला आली नाही. नाताळला ती कधी चुकवत नसे. बाबांनी तिच्यासाठी उरलेल्या कापडाची एक पिशवी शिवून ठेवली होती, झालर लावून. पुढचा रविवारही गेला. मग आठवडी बाजारात तिच्या गावची चिंच विकणारी एक बाई आईला म्हणाली, ‘‘तुमची बाई गेली. आठ दिस झाले. ताप भरला, दोन दिसात गेली.’’

आईने घरी येऊन सांगितलं आणि आपणच बाबांना म्हणाली, ‘‘जा तुम्ही. आता काय भ्यायचं?’’

मी न विचारता गाडीवर मागे बसले. या वेळी पिशवी नव्हती. वळणावरच्या झाडाखाली कोणी नव्हतं.

घर कुडाच्या भिंतींचं होतं, अंगण ताजं सारवलेलं. मुलगा अंगणातच दोरी वळत बसला होता. आम्हाला पाहून तो उठला नाही. सुनेने बाज टाकली आणि पाणी आणून दिलं. बाबा म्हणाले, ‘‘उशिरा समजलं, भाऊ.’’

‘‘तुमाले उशिराच समजते,’’ तो म्हणाला.

मग त्याने मांडवाच्या आडव्या लाकडाकडे हनुवटी उचलली. तिथे पळसाच्या पानांच्या पत्रावळ्यांचा एक गठ्ठा दोरीने बांधून टांगला होता. पानं वाळून तपकिरी झाली होती.

‘‘चौदा हायेत. बोटावर मोजून लावल्या तिनं. हे पास्टरची, हे पास्टरीनबाईची, हे म्हशीवाल्याची. एक हे पोरगी इंग्लिश शिकली, तिची चांगली गोल पाहून. गुरुवारी सकाळधरनं चुलीपाशी होती. दुपारलोक रस्त्याकडं पाहे. मंग सूर्य कलल्यावर मी म्हटलं, माय, तू बलावलंच नसन. म्हने, बलावलं. मी म्हटलं, मंग त्याईले तुह्या घरचं चालत नसन. त गप बसली.’’

बाबांना काहीच कळत नव्हतं. ते म्हणाले, ‘‘कोणता गुरुवार?’’

मुलगा त्यांच्याकडे पाहत राहिला. मी बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आयुष्यभर मी बोलायच्या जागांपासून लांब बसत आले होते. या अंगणात लांब बसायला जागाच नव्हती.

मी म्हटलं, ‘‘तिने बोलावलं होतं. मला सांगितलं होतं, सगळं, पत्रावळ्यांसकट. मी लिहिलं नाही. बाबांना माहीत नाही. कोणालाच माहीत नाही.’’

दोरी वळणारे त्याचे हात थांबले. सून चुलीपासून उठून दारात आली.

‘‘काऊन?’’ त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

‘‘भीती वाटली. त्या दिवशी तुम्ही गाडी थांबवली होती.’’

‘‘आमी प्रार्थनेले नाई म्हटलं होतं,’’ तो बाबांना म्हणाला, जणू मी तिथे नव्हतेच. ‘‘जेवनाले कोन नाई म्हनते, भाऊ? मी त तुमाले पानी प्या म्हटलं. हे पोरगी इंग्लिशमधे काई बोलली अन् तुमी फिरले.’’

बाबांनी मान खाली घातली.

त्याने दोरी बाजूला ठेवली. मग तो हळू आवाजात, आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, ‘‘मले वाटे माय लबाड बोलते. लाज राखाले बोलते. दोन महिने मी तिले टोमने मारले. काय माय, आले का तुहे लोक? नवं खाय म्हटलं त ताट सरकवे. जुन्या धानाच्या कन्या होत्या, त्या सिजवून खाये. उपाशी नाई मेली, तसं नोका समजू. पन नवं नाई खाल्लं तिनं.’’

‘‘ती लबाड नव्हती,’’ मी म्हटलं.

‘‘आता सांगून काय होते?’’ तो म्हणाला. पण थोड्या वेळाने त्याने डोळे पुसले, उपरण्याच्या टोकाने, आणि बायकोला म्हणाला, ‘‘मायच्या ढोलीतलं धान कांडलेलं हाये ना? टाक भात.’’

आम्ही बसून राहिलो. भात शिजायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. त्याने गठ्ठा सोडला, वरच्या तीन पत्रावळ्या काढल्या आणि पाणी शिंपडून नरम केल्या. एक आपल्यापुढे ठेवली. त्यातली माझी गोल कोणती, हे मी विचारलं नाही. सुनेने भात वाढला, वर वालाचं वरण. बाबांचा हात पत्रावळीजवळ जाऊन थांबला.

‘‘काय म्हनाचं ते मनात म्हना,’’ मुलगा म्हणाला. ‘‘गावाचं ठरलं ते ठरलं.’’

मनातल्या मनात म्हणायचं, म्हणजे माझ्यासाठी सोपं. मी डोळे मिटले. मनात काही आलं नाही. भाताचा वास मात्र आला, आणि एक घास मी पुष्कळ वेळ तोंडात धरून ठेवला.

परतताना बाबांनी वळणावर गाडी बंद केली. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, ‘‘मी रोज सकाळी त्याच्यासाठी गुडघे टेकत होतो. तीन वर्षं ती येत होती. तिच्या अंगणात कधी बसलो नाही, हे कळायला मला वहीची गरज नव्हती.’’ मग गाडी सुरू करता करता म्हणाले, ‘‘पण तू सांगायला हवं होतंस.’’ पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. तो नियम त्यांचाच होता.

पुढच्या रविवारी मी वही हातात न घेता उभी राहिले. म्हातारी जे म्हणाली होती ते तिच्याच शब्दांत सांगितलं. मले, तुले, नोका, सगळं तसंच. मधेच आवाज गेला तेव्हा कोणी मदतीला आलं नाही, आणि तेच बरोबर होतं. म्हशीवाला भाऊ रडला. दोघी बाया माझ्याशी काही दिवस बोलल्या नाहीत. मुलाने निरोप दिला होता की अकरा पत्रावळ्या बाकी आहेत. आईचा पहिला नंबर होता. नंतर म्हशीवाला गेला, नंतर आणखी तिघं. बाकीचे जाऊ जाऊ म्हणत राहिले. तो मुलगा मंडळीत कधी आला नाही. मात्र चामोर्शीला आला की दुकानात येतो, चहा घेतो आणि बाबांशी धानाबद्दल बोलतो. सुवार्तेबद्दल त्याने अजून काही विचारलेलं नाही. ऐकायला तो तयार झाला होता तो एक गुरुवार होता. तसा दिवस त्याच्यासाठी पुन्हा येईल का, मला माहीत नाही.

मी आता चंद्रपूरला एका शाळेत शिकवते. वही दुसऱ्या एका मुलीकडे गेली. ती मराठीत लिहिते आणि लिहून झालं की त्या माणसाला वाचून दाखवते. हे बाबांनी सुरू केलं.

गेल्या सुट्टीत घरी गेले तेव्हा मशीनच्या खणात जुनी वही सापडली. ते पान काढून पाहिलं. तिच्यासाठी मी नवं पान काढलं होतं, आणि तिच्यानंतर त्या दिवशी कोणी काही मागितलं नव्हतं. वर तिचं नाव, त्याखाली माझे तीन शब्द. खाली अख्खं पान कोरं होतं. तिने जे सांगितलं ते सगळं तिथे मावलं असतं.